भाडं की हप्ता? पुण्या-मुंबईत घर शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचं बहुतेक गणित एकाच काल्पनिक फ्लॅटवर मांडलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील. पुण्यातला टू बीएचके, किंमत ८० लाख. तोच फ्लॅट भाड्याने घेतला तर महिना २५,००० रुपये. विकत घेतला तर खिशातून २० लाख आणि ६० लाखांचं कर्ज, ८ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी. तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील. ते घालून पुन्हा मांडा.

भाडी एकाएकी एवढी का वाढली?

२०२० आणि २०२१ मध्ये हिंजवडी, वाकड, खराडी या भागांत फ्लॅट ओस पडले होते. लोक गावाकडून काम करत होते आणि मालक भाडं कमी करून भाडेकरूला थांबवत होते. २०२२ पासून कंपन्यांनी माणसं परत बोलावली, कॉलेजं सुरू झाली आणि सगळे एकाच वेळी घर शोधायला निघाले. त्याच सुमारास गृहकर्जाचे दर चढले, म्हणून घर घ्यायच्या बेतात असलेल्यांपैकी काही जण भाड्यातच थांबले. मागणी दोन्हीकडून आली.

दुसरं कारण फारसं बोललं जात नाही, ते म्हणजे पुनर्विकास. कोथरूड-एरंडवण्यात किंवा विलेपार्ले, बोरिवली, मुलुंड, चेंबूरमध्ये एक जुनी सोसायटी पाडली की तिथली पंचवीस-तीस कुटुंबं तीन-चार वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात. मुलांची शाळा आणि आजीचा डॉक्टर तिथेच, म्हणून घर त्याच गल्लीत हवं. शिवाय भाडं बिल्डर देणार असतो, त्यामुळे घासाघीस कमी. एका भागात अशा चार इमारती एकदम निघाल्या की ज्याला भाडं स्वतःच्या पगारातून द्यायचं आहे, तो मागे पडतो.

“भाडं वाया जातं, हप्ता निदान आपल्या घरात जातो.” हे बरोबर आहे का?

अर्धंच. आपल्या उदाहरणात महिन्याचा हप्ता ५०,१८६ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले ४०,००० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. मुद्दल फक्त १०,१८६ रुपयांनी कमी होतं. म्हणजे “घरात” गेले दहा हजार. उरलेले चाळीस हजार बँकेला दिलेलं भाडंच आहे, फक्त ते घराचं नसून पैशाचं आहे.

पाच वर्षांनी स्टेटमेंट काढलं तर बऱ्याच जणांना धक्का बसतो. तोवर तुम्ही ३० लाखांहून जास्त भरलेले असतात आणि कर्ज ६० लाखांवरून साडेबावन्न लाखांवर आलेलं असतं. यात फसवणूक काही नाही, हप्त्याची रचनाच अशी आहे: सुरुवातीला व्याज जास्त, शेवटी मुद्दल जास्त.

म्हणून २५,००० भाडं आणि ५०,००० हप्ता यांची तुलना करू नका. जो पैसा परत येणार नाही त्याचीच तुलना करा. भाडेकरूचा असा खर्च वर्षाला ३ लाख. मालकाचा पहिल्या वर्षाचा खर्च असा: व्याज सुमारे ४.७५ लाख, सोसायटीचा मेंटेनन्स आणि महापालिकेचा मिळकतकर धरून साधारण ५४ हजार, आणि डाउन पेमेंट, मुद्रांक शुल्क यांत गेलेले जवळपास २६ लाख मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर मिळालं असतं ते १.८१ लाख. एकूण ७.१० लाख.

फरक ४.१० लाखांचा. हा ८० लाखांच्या सुमारे ५ टक्के आहे. म्हणजे पहिल्या वर्षी घराची किंमत ५ टक्क्यांनी वाढली तर मालक आणि भाडेकरू बरोबरीत. त्याहून कमी वाढली तर भाडेकरू पुढे. मुद्रांक शुल्कात कायमची गेलेली रक्कम यात अजून धरलेलीच नाही.

पण भाडं दरवर्षी वाढतं आणि हप्ता तेवढाच राहतो ना?

घर घेण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, आणि भाड्याची बाजू घेणारे तो हळूच बाजूला सारतात.

भाडं दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढलं तर आजचे २५,००० दहा वाढींनंतर ४९,००० च्या वर जातात. बाराव्या वर्षी ते हप्त्यालाही ओलांडतात. ५ टक्क्यांनी वाढलं तर ही वेळ सोळाव्या वर्षी येते. पण आपण व्याजाशी तुलना करायचं ठरवलं आहे, आणि तिथे गाठ बरीच आधी पडते. सहाव्या वर्षी व्याज उतरून ४.१३ लाखांवर येतं आणि ७ टक्के वाढीचं भाडं वर्षाला ४.२१ लाख झालेलं असतं. ५ टक्के वाढ धरली तर सातवं वर्ष. तिथून पुढे दर वर्षी मालकाचं पारडं जड होत जातं. अडकलेल्या रकमेचं व्याज बुडतच असतं, पण घराची किंमत किती वाढायला हवी ही अट सैल होत जाते.

म्हणून मला कोणी विचारलं तर मी आधी पगार विचारत नाही, “इथे किती वर्षं राहणार?” एवढंच विचारतो. उत्तर चार वर्षांच्या आत असेल तर भाड्यानेच राहा. दहाच्या पुढे असेल आणि हप्ता झेपत असेल तर घ्या. अडचण मधल्यांची असते, आणि बहुतेक जण मधलेच असतात.

हप्ता खरंच २० वर्षं तेवढाच राहतो का?

नाही. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना अशी नवीन कर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, निवडला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरत डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला.

वाढीच्या काळात काय झालं ते बघण्यासारखं आहे. ६० लाखांचं कर्ज ७ टक्क्यांनी घेतलेल्याचा हप्ता होता ४६,५१८ रुपये. दर अडीच टक्क्यांनी चढून ९.५ झाल्यावर फक्त व्याजच महिन्याला ४७,५०० होतं. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही कर्ज वाढत जाणार. मुदत कितीही ताणली तरी असं कर्ज फिटत नाही, हप्ता वाढवावाच लागतो. ज्यांच्या हप्त्यात व्याज अजून बसत होतं, त्यांच्यापैकी अनेकांना आपली मुदत लांबल्याचं कळलंसुद्धा नव्हतं, कारण खात्यातून जाणारी रक्कम तीच होती. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने म्हटलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा.

वर्षातून एकदा कर्जाचं स्टेटमेंट उघडून उरलेली मुदत बघा. कर्ज २०१९ च्या आधीचं असेल तर ते जुन्या पद्धतीच्या दरावर अडकलेलं नाही ना, हे बँकेत विचारा. थोडी फी भरून बदलून मिळतं. गृहवित्त कंपन्यांना बाहेरच्या दराशी जोडण्याचा हा नियम लागू नाही, त्यामुळे रेपो उतरला म्हणून तिथला दर आपोआप उतरेल असं धरू नका.

हातात रोख किती लागते?

लोक समजतात त्यापेक्षा बरीच जास्त. घर ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बसत असेल तर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला मर्यादा ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. आणि घराची किंमत १० लाखांच्या वर असली की मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. ते पैसे खिशातूनच जातात.

पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, मुंबईत ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला त्या भागातला दर) यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. आपल्या फ्लॅटला ५.९ लाख झाले. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. मग एजंटची दलाली, पंखे-गिझर-ग्रिल, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. ८० लाखांच्या घरासाठी २० लाख जमवून निघालेल्या माणसाला तीस लागतात, आणि वरचे दहा पर्सनल लोनवर जातात. तिथेच गणित बिघडतं.

बायकोच्या नावावर घेतलं तर शुल्क कमी लागतं म्हणतात.

हो, महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत आहे. ८० लाखांवर ८० हजार रुपये. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. पण नवरा हप्ता भरणार आणि मालकीत त्याचं नाव नाही, तर व्याजावरची करवजावट त्याला मिळत नाही. आधी दोघांचा कर कुठल्या पद्धतीने भरला जातो ते बघा.

करसवलत धरली तर घर स्वस्त पडतं ना?

जुन्या करपद्धतीत पडायचं. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत आणि मुद्दलावर इतर बचतींसह मिळून दीड लाखांपर्यंत वजावट मिळते. त्याच पद्धतीत भाडेकरू नोकरदाराला घरभाडे भत्त्याची सूटही आहे, तेव्हा सवलत दोन्ही बाजूंना होती. नवीन पद्धतीत दोन्ही नाहीत, आणि २०२३-२४ पासून नवीन पद्धत हीच मूळ धरली जाते. बिल्डरच्या विक्री कार्यालयातला तक्ता अजूनही “टॅक्स बेनिफिट” वजा करून हप्ता दाखवत असेल तर ती ओळ खोडून पुढे वाचा.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट स्वस्त मिळतोय. घ्यावा का?

ताबा मिळेपर्यंत तुम्ही भाडेही भरणार आणि कर्जाचं व्याजही. कर्ज जसजसं बिल्डरला दिलं जातं तसतसं त्यावरचं व्याज सुरू होतं. त्या काळात बहुतेक जण फक्त व्याजच भरतात, मुद्दल जागचं हलत नाही. समजा सरासरी ३० लाख दिले गेलेत, तर ८ टक्क्यांनी महिना २०,००० व्याज आणि वर २५,००० भाडं. तीन वर्षांत नुसतं व्याज ७ लाखांच्या पुढे जातं. “स्वस्त” म्हणून जे वाचलं त्यातून हे आणि जीएसटी वजा करा. काही वेळा तरीही फायदा उरतो, पण बऱ्याचदा उरत नाही.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख असते. विक्रीवाल्याने तोंडी सांगितलेली तारीख आणि ही तारीख ताडून बघा. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा थांबायचं असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रात तो दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआर (बँकेने स्वतः ठरवलेला कर्जाचा मूळ दर) अधिक २ टक्के असा आहे. आदेश मिळणं आणि पैसे हातात पडणं यांत मात्र बराच काळ जातो, आणि त्या काळातलं भाडं तुमच्याच खात्यातून जातं.

घरमालक दरवर्षी किती भाडं वाढवू शकतो? ४ टक्क्यांचा नियम आहे ना?

तो नियम १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातला आहे आणि तो खऱ्या अर्थाने भाडेकरू असलेल्यांसाठी, म्हणजे प्रामुख्याने जुन्या भाडेकरूंसाठी आहे. आज आपण करतो तो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक काळ राहण्याची परवानगी) त्या नियमात येत नाही. तिथे जे कागदावर लिहिलं तेच. ११ महिने संपले की मालक १० टक्के मागू शकतो, २० मागू शकतो, किंवा घर खाली करा म्हणू शकतो.

त्यावर उपाय एकच, पण तो सही करण्याआधीचा: २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करा आणि दर ११ महिन्यांनी किती टक्के वाढ हे त्यातच लिहून घ्या. चांगला भाडेकरू टिकावा असं मालकालाही वाटतं. रिकामा महिना, रंगकाम, पुन्हा दलाली हे त्यालाही नको असतं. लॉक-इनची, म्हणजे ठरलेल्या काळाआधी करार न मोडण्याची, अट दोघांनाही सारखी लागू आहे का, तेवढं वाचा. बऱ्याच छापील मसुद्यांत ती फक्त भाडेकरूला बांधते.

करार नोंदवायलाच हवा का? नोटरी चालत नाही?

नोंदवायलाच हवा. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. उलट बाजूही माहीत असू द्या: मुदत संपून घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई द्यावी लागते.

खर्च म्हणाल तर एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक. २५,००० भाडं, ७५,००० डिपॉझिट, ११ महिने असेल तर सातशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००. यापुढे जे मागतात त्यात बहुतेक घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची मजुरी असते.

मुंबईत “हेवी डिपॉझिट”वर घर मिळतंय, भाडं जवळजवळ शून्य. फायद्याचं नाही का?

समजा मालक १० लाख घेतो आणि भाडं माफ करतो. तुम्हाला वाटतं पैसे तर परत मिळणार आहेत. पण हे डिपॉझिट म्हणजे तुम्ही मालकाला दिलेलं बिनतारणी कर्ज आहे. ज्याला एकरकमी पैशाची निकड आहे असाच मालक सहसा ही पद्धत निवडतो, आणि तुम्ही निघताना पैसे परत देण्यासाठी त्याला पुढचा हेवी डिपॉझिटवाला शोधावा लागतो. त्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर बँक आधी घराचा ताबा घेईल. तुमचे १० लाख तुम्ही मालकाकडे मागत बसा.

घ्यायचंच असेल तर फ्लॅटवर बोजा आहे का हे सोसायटीकडून आणि मालकाच्या कर्जाच्या कागदांवरून तपासा, पूर्ण रक्कम बँकेतून द्या आणि ती नोंदणीकृत करारात लिहा. मुद्रांक मोजताना परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, म्हणून काही एजंट करारात कमी रक्कम दाखवू म्हणतात. वाचणार काहीशे किंवा हजारभर रुपये, धोक्यात येणार दहा लाख. नाही म्हणा.

मुंबईचं गणित पुण्यापेक्षा वेगळं आहे का?

आहे. मुंबईत घराच्या किमतीच्या मानाने भाडं कमी असतं. दीड कोटीच्या फ्लॅटचं भाडं ३५,००० असेल तर ते वर्षाला किमतीच्या २.८ टक्के झालं. आपल्या पुण्याच्या उदाहरणात ते पावणेचार आहे. हा आकडा जितका खाली, तितकं भाड्याने राहणं फायद्याचं. आपापल्या घराचा तो काढणं सोपं आहे: वर्षाचं भाडं भागिले किंमत.

मुंबईतला भाडेकरू वेगळ्या गोष्टींना वैतागतो: दर वर्षी नूतनीकरणालाही दलाली मागणारा एजंट, एकट्या मुलामुलींना नकार, खाण्यापिण्यावरून नकार, सोसायटीची एनओसी, सामान हलवण्याची फी. कुठल्याही तक्त्यात हे बसत नाही, पण शाळेत जाणारं मूल घेऊन तिसऱ्यांदा घर बदलणाऱ्या कुटुंबाला तेच सगळ्यात महाग पडतं. त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजून घर घेतलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर आणखी एक काम: भाडेकरूने भाड्यातून २ टक्के टीडीएस (मालकाचा आगाऊ आयकर) कापून सरकारकडे भरायचा असतो.

कमी उत्पन्न असलेल्यांना काही मदत आहे का?

सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे: वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण कमाल १.८० लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट. ३५ लाखांत घर मुंबईत शोधणं अवघड, पण बदलापूर-वांगणीकडे किंवा छोट्या शहरांत अशक्य नाही. म्हाडा आणि सिडकोच्या सोडतीत अर्ज करत राहा. लागली तर बाजारभावाशी तुलनाच नको.

आम्ही परदेशात असतो. पुण्यात फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर हप्ता निघेल?

अर्धा निघेल. वरच्या उदाहरणातच ५०,००० हप्त्यासमोर २५,००० भाडं आहे, त्यातून मेंटेनन्स आणि रिकामे महिने जातात. शिवाय मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो, साधारण ३१.२ टक्के. तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण अनेक भाडेकरू ही कटकट बघूनच दुसरं घर शोधतात.

सध्या भाड्याने राहतोय, दर महिन्याला थोडे पैसे उरतात. त्याचं काय करू?

भाड्याने राहणं फायद्याचं ठरतं ते याच उरलेल्या पैशावर. आपल्या उदाहरणात हप्ता आणि भाडं यांतला फरक पहिल्या वर्षी महिना २५,००० आहे. तो पगाराच्या दिवशीच आपोआप एसआयपीत किंवा आवर्ती ठेवीत गेला नाही तर तो राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. हप्ता माणसाकडून बळजबरीने बचत करून घेतो, हा त्याचा गुण कमी समजू नका. स्वतःच्या गेल्या वर्षभराच्या पासबुकावर नजर टाका: फरकाची रक्कम साठली असेल तर निवांत भाड्याने राहा आणि डाउन पेमेंट वाढवत न्या. साठली नसेल तर घर घेण्याचा विचार लवकर करा, पण कमी किमतीच्या घराचा, आणि हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत ठेवून.

घर घेतल्यावर बोनस मिळाला तर कर्जात भरू का?

पहिल्या सात-आठ वर्षांत भरा, तेव्हा व्याजाचा वाटा मोठा असतो. व्यक्तीच्या नावे असलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. भरताना हप्ता कमी करू की मुदत, असं बँक विचारते, मुदत सांगा. आपल्या कर्जात पाच वर्षांनी ५ लाख एकदम भरून हप्ता तोच ठेवला, तर उरलेल्या १८० महिन्यांतले तीसेक महिने कमी होतात. आणि सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम मात्र कर्जात न भरता बाजूला ठेवा. नोकरी गेली तर बँक पूर्वी जास्त भरलेल्या पैशांतून पुढचा हप्ता वळता करून घेत नाही.